फायबरच्या कार इंटिरियरसाठी फ्रेम कशाची करावी: एमडीएफ, प्लाय, लोखंड की सनबोर्ड?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी स्विफ्ट, पुढच्या दोन्ही दरवाज्यांत साडेसहा इंची स्पीकरचे पॉड (स्पीकर बसवायचे उठावदार कप्पे), मधे आर्मरेस्टसकट नवीन कन्सोल आणि डिकीच्या कोपऱ्यात १२ इंची सबचं (सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर) एन्क्लोजर म्हणजे बॉक्स, सगळं फायबरमधे करायचंय. फायबरचं काम म्हणजे फ्रेमवर फ्लीसचं कापड ताणायचं, ते रेझिनने भिजवून सुकवायचं आणि मग काचतंतूंची मॅट रेझिनमधे चढवून कडक कवच करायचं. सुतार म्हणतोय एमडीएफ घ्या, फॅब्रिकेशनवाला म्हणतोय लोखंडी चौकट करून देतो, आणि मित्र म्हणतोय सनबोर्डमधे कर, हलकं होईल आणि कटरने कापता येईल. तर कुठलं घ्यायचं.

माझं उत्तर: तिन्ही कामांना मिळून एकच मटेरियल घेऊ नका. लोक "सगळ्यात मजबूत काय" असं विचारतात आणि तिथेच गडबड होते, कारण फायबर नीट बसलं की ताकद त्या कवचाचीच असते. फ्रेमकडून आपल्याला वेगळ्याच गोष्टी हव्या असतात. कापड ताणलं की तिने वाकायचं नाही, रेझिन सुकताना आकसतं तेव्हा पिळायचं नाही, रेझिनने तिला घट्ट धरलं पाहिजे, स्क्रू जिथे येणार तिथे तो आयुष्यभर टिकला पाहिजे, आणि गाडीत ती ज्या जागी बसणार तिथली ऊन-पाणी-हादरे तिला झेपले पाहिजेत. दरवाज्यात पाणी येतं, डॅशजवळ ऊन मारतं, डिकीत सब बडवतो, आर्मरेस्टवर माणूस कोपर टाकून अख्खा भार देतो. चार जागांचे चार त्रास आहेत, मग एकच शीट आणून सगळीकडे कशी चालेल.

आधी एमडीएफ, कारण सगळ्यात जास्त तेच वापरलं जातं आणि त्याला कारणही आहे. कुठूनही कापा, रेषा उठत नाहीत, राउटरने गोल रिंग एकदम स्वच्छ निघते, पृष्ठभाग सपाट मिळतो, त्यामुळे स्पीकर बसतो तिथे हवा गळत नाही. जड आणि मुकं असल्यामुळे सबच्या बॅफलला, म्हणजे सब ज्या पुढच्या फळीवर बसतो तिला छान. पण १८ मिमीची ८ बाय ४ ची पूर्ण शीट साधारण ४० किलोची असते हे ध्यानात ठेवा, कन्सोलचा अख्खा सांगाडा त्यात केला तर उगाच वजन वाढतं. दुसरं म्हणजे कड. एमडीएफची पाठ-पोट घट्ट असते पण कड म्हणजे दाबलेला भुसा, त्यात सरळ स्क्रू घातला की फाटतं, स्टेपल मारली की फुगतं, पाणी लागलं की कड जाड होते आणि परत पहिल्यासारखी कधीच होत नाही. म्हणून एमडीएफ वापरायचं तर कापड ताणून स्टेपल मारायच्या त्या मागच्या बाजूने सपाट भागात, कडेत नाही, आणि प्रत्येक कापलेल्या कडेला आधी पातळ रेझिनचा हात देऊन सुकू द्यायचा. पहिला हात कड पिऊन टाकते, दुसरा हात लागतो. ही पायरी गाळली तर नंतर मॅट लावता तेव्हा कड त्यातलं रेझिन ओढून घेते आणि नेमकी जोडावरच मॅट कोरडी राहते, वरून दिसत नाही पण सहा महिन्यांनी तिथेच पुट्टीला केसासारखी चीर येते.

बाजारात एचडीएचएमआर म्हणून जो बोर्ड मिळतो, किचनच्या कामात हल्ली सगळे सुतार वापरतात तो, तो एमडीएफपेक्षा घट्ट आणि ओलाव्याला बराच चांगला. एमडीएफची कामाची सफाई हवीय पण गाडी मुंबईत किंवा कोकणात राहणार असेल तर बॅफल आणि रिंगला हा घ्या. एमडीएफहून जड आहे, म्हणून फक्त रिंग आणि बॅफललाच.

प्लाय. सांगाड्याला, म्हणजे आडव्या-उभ्या फासळ्या, बेस प्लेट, आर्मरेस्टच्या बिजागरीखालचा ठोकळा, या सगळ्याला माझी पहिली पसंती प्लाय आणि तोही आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय. त्याच जाडीच्या एमडीएफपेक्षा हलका, वाकायला कडक, कडेत स्टेपल बऱ्यापैकी धरतो आणि पाणी लागलं तरी थर सुटत नाहीत. स्वस्त कमर्शियल प्लायमधे आत पोकळ्या असतात, कापल्यावर कडेत भोकं दिसतात, नेमका तिथे स्क्रू आला की फिरत राहतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधे किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही प्लायवाल्याकडे अर्धी शीट, तुकडे मिळतात, तुकड्याच्या चारही कडा बघून घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. कन्सोलला १२ मिमी पुरतो, जिथे बिजागरी किंवा बोल्ट येणार तिथे १८ किंवा १२ चे दोन थर. गोलाई हवी असेल तर फ्लेक्सी प्लाय मिळतो, एका दिशेने सहज वाकतो, कन्सोलच्या पुढच्या उताराला मस्त बसतो, वर एक थर मॅट लागली की जागच्या जागी कडक होतो.

पॉलिएस्टर रेझिन कोरड्या लाकडाला चांगलं चिकटतं, पण "कोरड्या" हा शब्द पावसाळ्यात फार महत्त्वाचा. जुलैत दुकानातून आणलेला प्लाय लगेच कापून त्यावर रेझिन ओतू नका, दोन-तीन दिवस घरात पंख्याखाली उभा करून ठेवा, काम सुरू करण्याआधी हॅलोजनच्या उजेडात तासभर गरम करा. ओल्या लाकडावर रेझिन चिकचिकीत राहतं आणि नंतर सालपटासारखं निघतं. सागवानाच्या पट्ट्या घरात पडून असतील तर त्या फ्रेमला नका वापरू, सागात तेल असतं, रेझिनची पकड कमी होते.

आता लोखंड. फॅब्रिकेशनवाल्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. लांब पल्ल्याला, म्हणजे डिकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी फ्रेम असेल, किंवा जड अ‍ॅम्प रॅक लटकवायचा असेल, किंवा कन्सोल जमिनीला धरणारे ब्रॅकेट असतील तर १८ गेजचा चौकोनी पाईप किंवा २५ बाय ३ ची पट्टी यांना तोड नाही. ६ मिमीची सळई वाकवून एखादी वळणदार कड पण छान काढता येते, त्यावर कापड ताणलं की लाकडात काढायला दिवस लागेल अशी रेषा तासात मिळते. अडचण अशी की रेझिन लोखंडाला लाकडासारखं धरत नाही. गुळगुळीत पाईपवर नुसता मॅटचा थर टाकला तर तो चिकटलाय असं वाटतं, पण गाडी खड्ड्यातून गेली की हळूहळू सुटतो आणि मग चालताना बारीक टकटक सुरू होते जी शोधता शोधता माणूस वेडा होतो. म्हणून लोखंड वापराल तर ग्राइंडरला ८० नंबरची डिस्क लावून चकाकी पूर्ण घालवा, अ‍ॅसिटोनने पुसा, हात लावू नका, आणि त्याच दिवशी मॅट पाईपभोवती पूर्ण गुंडाळा, वरून नुसती ठेवू नका. पट्टी असेल तर दर दोन इंचांवर ८ मिमीचं भोक पाडा, रेझिन आणि तंतू आरपार जाऊन मागून धरतात, मग ती पकड चिकटण्यावर अवलंबून राहत नाही. आणि रेड ऑक्साइड मारायचा तो मॅट न लागणाऱ्या भागावर, फायबरचं काम झाल्यावर. आधी सगळीकडे प्रायमर मारून ठेवला तर रेझिन प्रायमरला चिकटेल आणि प्रायमर लोखंडापासून सुटेल.

वेल्डिंग गाडीच्या बाहेरच. मापं घ्या, कार्डबोर्डचा साचा करा, बाहेर टाके मारा, परत आत लावून बघा, पक्कं वेल्डिंग बाहेर. "फक्त एक टाका आत मारतो" असं फॅब्रिकेशनवाला म्हणेल, नाही म्हणा. कार्पेट, खालचा फोम आणि वायरिंग हे सगळं पेटणारं आहे आणि गाडीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आहे. जमिनीत नवीन भोकं पाडायचीही घाई नको, पत्र्याखालून ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाईप जातात, वर कार्पेटखाली वायरिंग असतं. जुना कन्सोल आणि सीटचे जे मूळ बोल्ट आहेत त्यातले कन्सोलचे पॉइंट वापरा, सीटच्या बोल्टला हात लावू नका.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हलकं आहे, गंजत नाही, पण त्यावर ऑक्साइडचा थर लगेच येतो आणि रेझिन तिथून सुटतं, घरगुती वेल्डिंग मशीनने जोडताही येत नाही. रिव्हेट मारून ब्रॅकेट, स्क्रीन धरायची चौकट, कव्हर प्लेट अशा गोष्टींना वापरा, कवचाच्या आत गाडायला नको.

सनबोर्डचं जरा नीट सांगतो, कारण मित्राने सांगितलेलं ऐकायला फार सोपं वाटतं. सनबोर्ड आणि डब्ल्यूपीसी दोन्ही मुळात पीव्हीसीचे फुगवलेले बोर्ड. पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, फोम बोर्ड तर ताणाखाली त्याच्याही आधी वाकायला लागतो. उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांपर्यंत जातो, हे मोजलेले आकडे आहेत, आणि आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना काय असतो ते सांगायला नको. त्यात प्रसरणाचा भाग आहे. एक मीटर लांबीची पट्टी धरा आणि सकाळ ते दुपार ५० अंशांचा फरक धरा: लोखंड अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त वाढतं, अ‍ॅल्युमिनियम आणि मॅटचं फायबर दोन्ही साधारण सव्वा मिमीच्या आसपास, आणि पीव्हीसी जवळपास तीन मिमी. म्हणजे कवच एवढंसं हलतंय आणि आतला बोर्ड त्याच्या दुप्पट हलतोय, रोज. जोड सुटणारच. शिवाय सनबोर्डमधे स्क्रू धरत नाही. पण तो टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. साचा काढायला, आकार डोळ्यांनी बघायला, आणि जी फासळी फक्त कापड ताणेपर्यंत हवीय आणि कवच सुकल्यावर आतून काढून टाकायचीय तिथे ३ किंवा ५ मिमीचा सनबोर्ड फारच सोयीचा. कायम आत राहणार असेल आणि भार घेणार असेल तर नाही.

थर्माकोल तर नकोच, पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनने डोळ्यांदेखत विरघळतो. भरावासाठी पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्या, तो विरघळत नाही आणि ब्लेडने, पॉलिश पेपरने हवा तसा घासता येतो.

आता ज्या मुद्द्यावर माझ्या मते सगळ्यात जास्त कामं बिघडतात तो, ताण आणि आकसणं. पॉलिएस्टर रेझिन सुकताना आकारमानाने ७ टक्क्यांच्या आसपास आकसतं. मॅट असली की कमी, पण नुसतं फ्लीस भिजवलेलं असताना चांगलंच जाणवतं. त्याआधीच कापड चारही बाजूंनी ओढलेलं असतं. म्हणजे तुमची फ्रेम दोन्हीकडून आत ओढली जातेय. फ्रेम बारीक असेल, समजा ६ मिमी हार्डबोर्डची, तर ती किंचित पिळते, आणि कवच त्या पिळलेल्या अवस्थेतच कडक होतं. नंतर गाडीत लावायला गेलात की एक कोपरा बसतो आणि समोरचा दहा मिमी वर राहतो, स्क्रूने ओढून बसवला तर चिरतो. यावर उपाय जाड फ्रेम हा नाही, उपाय आहे टेकू. फ्रेम एका सपाट १८ मिमीच्या फळीवर स्क्रूने पक्की करा, किंवा शक्य असेल तर गाडीतच तिच्या जागेवर लावून कापड ताणा, कोपऱ्याकोपऱ्यात तिरके टेकू द्या, आणि फ्लीसवरचा पहिला हात सुकला, मागून मॅटचे दोन थर बसले, ते पूर्ण थंड झाले की मगच फळीवरून सोडा. घाई करून हार्डनर जास्त टाकलं की उष्णता जास्त, आकसणं जास्त. उन्हाळ्यात रेझिनच्या किलोला १० मिली पुरे, थंडीत १५ ते २० पर्यंत.

हार्डनरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत रेझिन, कोबाल्ट (रेझिन सुकायचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर अशा तीन बाटल्या वेगवेगळ्या देतात. जांभळट दिसतं ते कोबाल्ट, पाण्यासारखं असतं ते हार्डनर. आधी कोबाल्ट रेझिनमधे टाकून पूर्ण ढवळायचं, रेझिनचा रंग सगळीकडे सारखा बदलला की मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांना थेट कधीही लागू द्यायचे नाहीत, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. मोजायची सिरिंज दोघांची वेगळी, बाटल्या वेगळ्या कपाटात, चष्मा डोळ्यावर. दुकानातला पोऱ्या हे सांगेलच असं नाही.

दरवाज्याचे पॉड. इथे फ्रेमच्या आधी एक काम करा, दरवाज्याचं ट्रिम पॅनल काढून मागच्या बाजूला बघा, प्लास्टिकवर छोट्या अक्षरांत पीपी (पॉलिप्रोपिलीन) किंवा एबीएस असं प्लास्टिकच्या जातीचं नाव उठवलेलं असतं, पीपीच्या पुढे बऱ्याचदा टाल्कचं प्रमाण पण लिहिलेलं असतं. बहुतेक दरवाज्यांना पीपीच असतं, आणि पीपीला रेझिन चिकटत नाही, कितीही घासा. एबीएस असेल तर मात्र छान चिकटतं. म्हणून पीपीवर पॉड करताना आधी १२ मिमी मरीन प्लायची बेस प्लेट पॅनलला आरपार नट-बोल्टने, मोठे वॉशर टाकून पक्की करायची, आणि सगळं फायबर त्या प्लेटवर चढवायचं. पॅनलला फायबर लागलं काय न लागलं काय, पॉड प्लेटवर उभा आहे.

त्या प्लेटवर स्पीकरची रिंग. रिंगला एचडीएचएमआर किंवा मरीन प्लाय, १८ मिमी. कटआउट स्पीकर हातात घेऊन मोजा, साडेसहा इंची म्हटलं तरी प्रत्येकाचा वेगळा असतो. रिंग ज्या कोनात हवीय तिथे लाकडी दांड्यांवर उभी करायची, तीन दांड्या पुरतात, चौथी लावलीत तर उलट कोन जुळवताना त्रास होतो. दांड्या आधी फेविक्विकने किंवा ग्लू गनने धरा, पण ग्लू गनचा गोंद उन्हात मऊ पडतो, त्यामुळे तो फक्त काम होईपर्यंतचा. कोन पक्का झाला की प्रत्येक दांडीच्या बुडाशी आणि डोक्याशी रेझिनमधे बारीक कापलेले मॅटचे तंतू आणि टाल्क घालून केलेला घट्ट लगदा भरा. कापड ताणायच्या आधी काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरच्या मॅग्नेटला लागते का ते बघा, आणि दरवाजा बंद करून सीट आणि गुडघा यांना पॉड अडतोय का तेही बघा.

आणखी एक, जे सगळे विसरतात: जाडी. रिंगच्या बाहेर ग्रिल किंवा ट्रिम रिंग बसणार असेल तर मधे फ्लीस, पुट्टी, रेक्झिन यांची जाडी धरावी लागते. फ्लीस दोन मिमी, पुट्टी एक, रेक्झिन सव्वा, म्हणजे प्रत्येक बाजूला चार मिमीच्या वर. फ्रेम कापतानाच तेवढी फट ठेवा. कवच तयार झाल्यावर ही जागा काढायची तर घासून घासून फायबरच पातळ होतं.

दरवाज्याच्या पत्र्याला जी रिंग लागते, ट्रिमच्या आत, तिथे एमडीएफ नकोच. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दरवाज्याच्या आत येतं आणि खालच्या भोकांतून जातं, ही गाडीची नेहमीची रचना आहे. तिथे मरीन प्लायला चारही बाजूंनी रेझिन मारून लावा. पत्र्यावरचा प्लास्टिकचा पडदा फाडला असेल तर परत चिकटवा.

कन्सोलला १२ मिमी मरीन प्लायच्या फासळ्या, एकमेकांत खाचा करून अडकवलेल्या, खाली लोखंडी पट्टीचे दोन ब्रॅकेट, आर्मरेस्टखाली १८ चा ठोकळा आणि त्यात टी-नट (लाकडात रुतून बसणारा नट, त्यात बोल्ट जातो). लाकडी स्क्रू नको, आर्मरेस्ट रोज उघडणार-मिटणार, स्क्रूचं भोक मोठं होतं. गिअर लिव्हर पाचही गिअरमधे आणि रिव्हर्समधे टाकून, हँडब्रेक पूर्ण ओढून जागा तपासा. रेक्झिन चिकटवताना साधा कॉन्टॅक्ट गोंद उन्हात सुटतो, आत वळलेल्या भागात तर नक्की, त्यामुळे उष्णता झेपणाराच घ्या, फेविकॉलचा हीटएक्स मिळतो.

डिकीत फ्रेम कमी आणि साचा जास्त असतो. कोपऱ्याला मास्किंग टेप, त्यावर फॉइल लावून थेट गाडीतच मॅटचे दोन थर टाकून पाठ काढून घ्या, ती बाहेर काढून पुढे वाढवा. बेस १८ मिमी प्लाय, बॅफल एमडीएफ किंवा एचडीएचएमआर १८ चे दोन थर एकमेकांना चिकटवून, आणि मधे एक आडवा टेकू बॅफलपासून पाठीपर्यंत. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिमी होतो, भिंत सहा मिमीच्या खाली नको, नाहीतर बास वाजताना कवचच फुगतं-दबतं. लोखंडी चौकट या बॉक्सच्या आत नको, सुटली तर कायमची थरथर. बॉक्स मात्र गाडीच्या बॉडीला बोल्टने धरलेला हवा, जोराचा ब्रेक लागला की पंधरा-वीस किलो वस्तू मागच्या सीटवर येते.

शेवटचं, फ्रेम कशाचीही करा पण एअरबॅगच्या वाटेत काही नको. २०२४ मधे आलेल्या नव्या स्विफ्टला सहा एअरबॅग आहेत, म्हणजे स्टिअरिंग, डॅशची डावी बाजू, सीटच्या कडा आणि छताची कड खांबासकट. ए-पिलरवर (समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर) ट्वीटरचा (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरचा) पॉड हवा असं पुढे वाटलं तर पडदा एअरबॅग, म्हणजे ती छताच्या कडेतली, असलेल्या गाडीत तो करूच नका, ट्वीटर दरवाज्याच्या आरशामागच्या तिकोनी तुकड्यात बसवा. आणि पॉड बाहेर काढताना सीटच्या बाजूच्या एअरबॅगसमोर दरवाज्यावर काही उभारलं जात नाहीये ना, ते सीट तुमच्या नेहमीच्या जागेवर ठेवून आणि मग पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा, मगच प्लायवर पेन्सिल टेकवा.